जावयाचं फ्रेंच

लग्नाच्या बायोडेटात 'भाषा' या शब्दापुढे माझ्या वडिलांनी मराठी, हिंदी, इंग्रजी असं लिहिलं, जरा थांबले, आणि स्वल्पविराम देऊन 'फ्रेंच' असंही लिहून टाकलं. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हाच त्यांचा हात धरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला ते वाचून बरं वाटलं. फॅक्टरीतल्या कारकुनाकडे लग्नाच्या बाजारात मांडण्यासारखं असतं तरी काय? उंची सांगण्याजोगी नव्हती, पगार विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. फ्रेंच त्यामानाने निरुपद्रवी. आपल्या भंडारा जिल्ह्यात फ्रेंच तपासायला कोण बसलंय, असं मी मनाशी म्हटलं.

ते बसले होते. कारध्याला बसले होते.

आता माझं फ्रेंच म्हणजे काय, ते सांगतो. अकरावी-बारावीला मी नागपूरला होतो. तिथे मराठीऐवजी फ्रेंच घेतलं की मार्क जास्त पडतात, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, म्हणून सगळ्या वर्गाने फ्रेंच घेतलं. आम्ही ते पाढ्यांसारखं पाठ केलं आणि पाढ्यांसारखंच पेपरात ओतलं. मार्क इतके पडले की वडिलांना वाटलं, पोरगा दोन वर्षं पॅरिसलाच होता आणि आम्ही उगाच नागपूरला डबे पाठवले. परीक्षा संपल्यावर माझ्याकडे उरलं ते एवढंच: माझं नाव सांगता येणे, आज हवा छान आहे हे सांगता येणे, आणि 'मला एक बहीण आहे' हे वाक्य. मला बहीण नाही. पण पुस्तकात होती.

लग्न झालं. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि माझी सासुरवाडी कारध्याला. मध्ये भंडारा शहर आणि वैनगंगेवरचा पूल. सासुरवाडी इतकी जवळ असू नये. लांब असली की माणूस 'सुट्टी नाही' म्हणून सुटतो. मला दर रविवारी सुट्टी असते, हे कारध्याला सगळ्यांना माहीत आहे.

सासरे धान करतात. खरिपाचं तर करतातच, पण मोटरीच्या पाण्यावर उन्हाळीही घेतात. घर रस्त्याला, आणि मागची भिंत ओलांडली की त्यांच्याच बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली धानाची खाचरं. घरात सासू, सासरे आणि माझी साळी, म्हणजे मेहुणी. बायकोपेक्षा बरीच धाकटी. बी.एस्सी. झाली आणि तिच्या डोक्यात आलं की फ्रान्सला जाऊन धान्य साठवण्याचं शास्त्र शिकायचं. तिथल्या एका कॉलेजने कागद मान्य केले, फीसुद्धा माफ केली, पण एक मुलाखत बाकी ठेवली. व्हिडिओवर. फ्रेंचमध्ये.

सासऱ्यांनी अट घातली. ते ओरडणारे नाहीत, अट घालतानाही सुपारी कातरत होते.

"मुलाखत पास झाली तं जा. मी आडवा येत नाई. नाई झाली तं तुमसरचं स्थळ आलं हाये, राइस मिल हाये त्यायची. याच लग्नसराईत उरकून टाकू."

"बाबा, पास होईन मी," साळी म्हणाली.

"होजो ना. मीन काय नाई मनलं?" आणि मग सुपारीचा तुकडा तोंडात टाकून माझ्याकडे वळले. "घरात फ्रेंचवाले जवाई हायेत, मंग पोट्टी नापास कशी होईन?"

माझ्या तोंडात पाटोडी होती. ती गिळायला मला जितका वेळ लागला, तितक्या वेळात घरच्यांनी माझा होकार गृहीत धरला. सासूबाईंनी वर रस्सा वाढला.

"म्हणजे... आता माझा तितकासा सराव..." मी म्हणालो.

"पाय वं, किती नम्र हायेत," सासूबाई दारात आलेल्या शेजारणीला म्हणाल्या.

अशा रीतीने मी अडकलो. दर रविवारी मला सांगायचं होतं की मला येत नाही, आणि दर रविवारी मी गाडी लावायच्या आत सासूबाई हेल्मेट आणि किल्ली हातातून काढून घ्यायच्या. ही त्यांची जुनी पद्धत. जावयाची किल्ली तांदळाच्या डब्यात जाते आणि जेवण झाल्यावरच बाहेर येते. मायेपोटीच करतात. पण तांदळात पुरलेली किल्ली आणि वर कडी घातलेला डबा पाहिला की माझ्या मनात जामीन, हजेरी असे शब्द यायचे.

शिकवणी मधल्या खोलीत. मागच्या दाराच्या फळीवर साळी खडूने लिहायची, मी खुर्चीत, सासूबाई उंबऱ्यात सूप घेऊन. साळी आठवड्याभर मोबाईलवर कोण्या बाईंकडून शिकत होतीच. मला सांगितलं गेलं की त्या बाई वरवरचं शिकवतात, मूळ मी शिकवायचं.

आणि मूळ म्हणून तिने पहिल्याच दिवशी ते विचारलं जे मला बारावीतही कधी जमलं नव्हतं.

फ्रेंचमध्ये झालेली गोष्ट सांगायची तर क्रियापदाला एक मदतनीस लागतो. दोन मदतनीस आहेत. एक 'असणे'वाला, एक 'जवळ असणे'वाला. 'ती गेली' म्हणायचं तर पहिला, 'तिने खाल्लं' म्हणायचं तर दुसरा. बोलताना 'ती'च्या पुढे पहिला 'ए' असा ऐकू येतो, दुसरा 'आ' असा. म्हणजे सगळा मामला आ की ए, एवढाच. आणि तो मामला माणसाला अनेक वर्षं पुरतो.

"भाऊजी, कुठे आ आणि कुठे ए, ते मला पक्कं होत नाही," साळी म्हणाली.

मला आमच्या नागपूरच्या बाईंनी काढलेलं एक घर आठवलं. फळ्यावर घर काढायचं, दार, जिना, माडी. त्या घरात जी क्रिया होते ती 'ए'ची. माणूस घरात येतो, आत जातो, जिना चढतो, उतरतो, पडतो, बाहेर निघतो. त्याच घरात जन्मतो, राहतो आणि मरतो. बाकी सगळं 'आ'चं. घर मला आठवलं, घरातली माणसं नेमकी कोण ते आठवलं नाही. तेव्हा मी शहाण्यासारखं गप्प बसावं की नाही? मी शोध लावला.

"हे बघ," मी खुर्चीत पुढे सरकलो. "मराठीत आपण काय म्हणतो? मी गेलो. मी आलो. आणि खाताना? मी खाल्लं. 'मी खाल्लो' म्हणतो का? नाही. म्हणजे जिथे मराठीत माणूस स्वतः 'लो' होतो, तिथे ए. गेलो, आलो, पडलो, धावलो, चाललो, पोहलो, नाचलो. सगळे घरात."

साळीचा खडू थांबला. "धावणे पण, भाऊजी?"

"धावणे पण."

"पोहणे?"

"पोहताना माणूस एका जागी राहतो का?"

तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. सुपातला तांदूळ एकदा वर गेला आणि खाली आला. मग साळीने मुकाट्याने घराच्या चौकटीत 'धावणे' लिहिलं, त्याखाली 'पोहणे' लिहिलं. माझ्या सांगण्यावरून 'उडी मारणे' माडीवर लिहिलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मी पाठीमागे रेलून ते पाहिलं आणि मला वाटलं, अरे, आपण चांगले मास्तर झालो असतो.

या घराची एक रीत तोवर माझ्या लक्षात यायला हवी होती. लग्नाच्या नव्या नवलाईत मी एकदा सासऱ्यांना मोटरपंपाची वायर कुठे जोडायची ते सांगितलं होतं. ज्या माणसाचं आयुष्य मोटरी उघडण्यात गेलं त्या माणसाला. त्यांनी 'हो हो, असंच पाह्यजे' म्हणून तशीच जोडली, मोटर सुरू न करता मला चहा पाजला, माझी गाडी पुलाकडे वळेपर्यंत हात हलवला आणि मग वायर काढून पहिल्यासारखी लावली. हे मला बायकोने वर्षभराने सांगितलं, तेही भांडणात. जावयाचं चुकलं असं त्या घरात कोणी म्हणत नाही. जावई गेल्यावर दुरुस्त करतात.

मी ते फक्त मोटरीपुरतं समजलो होतो.

एका रविवारी जेवून, किल्ली घेऊन निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी डोक्याला वारा लागला, तेव्हा कळलं की हेल्मेट राहिलं. वळलो तर गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी. गाडी तिथेच बंद करून पायी आलो. फाटकाला हात लावणार तोच आतून सासूबाईंचा आवाज.

"गेले ना जवाईबापू?"

"गेले."

"पुलावर लागले असन?"

"लागले असतील, आई."

"घे मंग हे फडकं. पूस ते. अन आता खरं लिव."

ओलं फडकं फळीवरून फिरल्याचा आवाज मी ऐकला. मग साळीचा आवाज, अगदी मोकळा, जो माझ्यासमोर कधी निघाला नव्हता: "धावणे आ. चालणे आ. पोहणे आ. नाचणे आ." एकेक जण माझ्या घरातून बाहेर काढला जात होता, आणि प्रत्येक जण बाहेर पडला की सासूबाई 'हूं' म्हणत होत्या.

मी फाटकापाशी उभा. आत जावं तर त्यांची लाज जाते, न जावं तर हेल्मेट जातं. शेजारच्या अंगणातून कोणी तरी विचारलं, "काहून जवाईबापू, उभे काहून राह्यले?" मी हातानेच 'काही नाही' केलं आणि चोरासारखा परत फिरलो. जवाहरनगरपर्यंत उघड्या डोक्याने गेलो.

बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

"हसतेस काय? मला सांगायचं ना कोणीतरी!"

"तुमाले कोन सांगन? मायनं तिले पयल्याच दिवशी मनलं, ते सांगतीन ते लिवत जा, गेले का पुसत जा. त्यात काय बिघडलं?"

"अगं पण मग मला बोलावताच कशाला?"

"बाबायले वाटते ना. जवाई शिकवते मनून ते तुमसरवाल्यायले थांबवून हायेत. तुमी नाई गेले तं ते उद्या होकार कळवतीन." मग हसू आवरून म्हणाली, "तुमी फक्त जात जा. शिकवलं नाई तरी चालन."

म्हणजे माझ्या फ्रेंचची किंमत एवढी होती: ते चालू आहे असं दिसलं पाहिजे. मी शिकवायचं सोडून दिलं तर साळीचं लग्न; मी शिकवत राहिलो तर तिला प्रत्येक रविवारी तासभर चुका लिहायच्या आणि तासभर पुसायच्या. मधली वाट मला सापडेना. एकदा मी धीर करून म्हणालो, "मी सांगतो ते सगळंच बरोबर असेल असं नाही बरं का." तर सासूबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "असं नोका बोलू, जवाईबापू. पोरीचा जीव खचते."

मग मी घरी चोरून अभ्यास सुरू केला. आणि एक खरी गोष्ट मला सापडली: 'उतरणे' हे घरातलं खरं, पण 'मी पोतं उतरवलं' म्हणायचं असेल तर तेच क्रियापद 'आ' घेतं. पुढच्या रविवारी ती मी मोठ्या तोऱ्यात शिकवली. साळीने आदराने लिहून घेतली. मी बूट घालत होतो तेव्हा मागे फडकं फिरल्याचा आवाज आला. माझं आयुष्यातलं एकमेव बरोबर फ्रेंच तेवढं पुसलं गेलं.

मुलाखत मार्चमध्ये, रविवारी दुपारी ठरली. सासऱ्यांनी फोन केला, "तुमी बाजूले बसा. तुमी दिसले का तिले हिंमत येते."

मधल्या खोलीत रेंज खिडकीपाशीच येते. तिथे धानाच्या पोत्यांवर पाट, पाटावर मोबाईल. मागच्या भिंतीवर सासूबाईंनी लग्नातली चादर ताणून लावली होती. सासरे पांढरा शर्ट घालून खाटेवर, त्यांच्याजवळ दोन शेजारी, दारात माझी बायको. माझी खुर्ची साळीच्या इतकी शेजारी की तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझी किल्ली तांदळात. साळीने मला नमस्कार केला.

पडद्यावर एक चष्मेवाल्या बाई आल्या, बरोबर एक गृहस्थ. नाव, गाव, शिक्षण. साळी छान बोलली. त्यात आ-ए काही नव्हतं. मग बाईंनी विचारलं, गेल्या आठवड्यात काय काय केलं ते सांगा.

साळी सुरू झाली. सकाळी उठले, शेतावर गेले. ते ठीक. मग तिला म्हणायचं होतं की नदीकाठाने चालले. 'ती चालली' नव्हे, 'मी चालले', तरी निवड त्याच दोन मदतनिसांतली. ती थांबली. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने माझ्याकडे पाहिलं. तोवर मला निदान एवढं कळायला लागलं होतं, म्हणून सांगतो, तिने माझं वापरलं. बाईंनी मान थोडी तिरपी केली. पुढे बसमागे धावल्याचं आलं. पुन्हा थांबली, पुन्हा पाहिलं, पुन्हा माझं. गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं.

मला एकदम दिसलं. ही पोरगी माझ्यासमोर खरं बोलूच शकत नव्हती. मी खोलीत असेपर्यंत ते फडकं फिरणार नव्हतं. सगळ्या फ्रान्सला एक वेळ ती तोंड देईल, पण जावयाचं चुकलं असं ती जावयाच्या देखत म्हणणार नाही. आणि माझ्यामागे खाटेवर सासऱ्यांच्या रूपाने तुमसरचं स्थळ पांढरा शर्ट घालून बसलं होतं.

इतक्यात रेंज गेली. पडद्यावर बाईंचं अर्धं तोंड गोठून राहिलं.

मी उठलो. "मी जरा बाहेर जातो."

"बसा ना," सासरे म्हणाले.

"फॅक्टरीतून फोन येणार आहे."

"आज तं आयतवार हाये."

"पोटात... पोटात जरा गडबड आहे."

यावर मात्र सगळं घर उठलं. सासूबाई ओवा शोधायला, बायको पाणी भरायला, आणि सासरे बादली घेऊन माझ्यामागे. संडास मागच्या अंगणात. मी आत गेलो, कडी लावली. बाहेरून आवाज आला, "मी इथंच हाओ, जवाईबापू. काई लागलं तं आवाज द्या."

मी उभा राहिलो त्या अंधाऱ्या चौकोनात. खोलीची खिडकी अगदी जवळ. रेंज आली असावी; साळीचा आवाज पुन्हा सुरू झाला. आणि तो आवाज तसाच होता, अडखळत, माझ्या बाजूने. 'जवाईबापू, जवाईबापू' करत सासरे अंगणात इतक्या मोठ्याने विचारपूस करत होते की मी तिच्या शेजारी बसलो असतो तरी इतका हजर वाटलो नसतो. हिला ऐकू गेलं पाहिजे की मी नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज असता तर काम झालं असतं. किल्ली तांदळात.

"ओवा आनला का वं?" असं ओरडत सासरे घरात गेले. मी कडी काढली.

मागचं फाटक गुरं येऊ नयेत म्हणून तारेने बांधलेलं होतं. उरली भिंत. मी गव्हाणीवर चढलो, गव्हाणीवरून भिंतीवर चढलो. भिंतीवर बसल्यावर कळलं की पलीकडे खाली पाणी भरलेली बांधी आहे आणि त्या बांधीत शेजारची बाई निंदण काढते आहे. तिने वाकल्या वाकल्या मान वर केली आणि मला पाहिलं. मी तिला गप्प राहायची खूण केली. तिने आख्ख्या कारध्याला ऐकू जाईल असा गळा काढला.

"अवो बाई! तुमचे जवाई पळून राह्यले वो!"

मी उडी मारली. उडी मारली म्हणतो ते माझं म्हणणं. पाहणारे पडलो म्हणतात. गुडघ्याएवढ्या चिखलात बसलो, उठलो, एक चप्पल तिथेच देऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढलो आणि पळालो. कुठे, ते मला माहीत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर फाटकाची तार सोडून सारं घर बाहेर आलं होतं. पुढे सासरे, मागे बायको, शेजारी, आणि हातात ओव्याचा कप घेतलेल्या सासूबाई.

"जवाईबापू! अवो, जेवून तं जा!"

धुरा संपला, पुढे नाला होता. मी थांबलो. सासरे धापा टाकत जवळ आले आणि त्यांनी हात जोडले. पांढऱ्या शर्टावर चिखलाचे शिंतोडे.

"काय चुकलं आमचं? कोनं काई मनलं का?"

मला वाईट वाटलं. जावई न जेवता भिंतीवरून पळाला, ही गोष्ट त्या घराला वर्षानुवर्षं पुरली असती. खरं सांगणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं म्हणजे, 'तुमच्या घरात मी गेल्यावर दुरुस्ती होते हे मला ठाऊक आहे', आणि तेवढं पाणी त्या क्षणी माझ्यात नव्हतं. समोर धुरा होता. मी म्हणालो,

"बांध फुटला ना. पाणी चाललं होतं. भिंतीवरून दिसलं मला."

सासऱ्यांनी बांधाकडे पाहिलं. बांध अगदी धडधाकट होता. त्यांनीच माघात घातलेला. एक थेंब कुठून झिरपत नव्हता. निंदणवाली बाई तोंडावर पदर धरून उभी. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बांधाकडे पाहिलं.

"हो ना," ते म्हणाले. "फुटलाच हाये. फावडं आना रे!"

फावडं आलं. शेजारी पाण्यात उतरले. धड बांधावर चिखल पडू लागला. सासूबाईंनी ओव्याचा कप माझ्या हातात दिला आणि धुऱ्यावर बसून त्याही 'इकडून जाऊन राह्यलं पाणी' असं बोट दाखवू लागल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात आता कोणी नव्हतं. साळी आणि ते दोघं फ्रेंच, बस्स. या माणसांना इथे जितका वेळ धरून ठेवीन तितका वेळ ती पोरगी मोकळी. मी ओवा घेतला आणि कामाला लागलो.

"इथे पण थोडा पाझर दिसतो," मी म्हणालो.

"दिसते तं," सासरे म्हणाले आणि फावडं मारलं.

"त्या कोपऱ्यात?"

"तेथीसुद्धा हाये वाटते."

असा मी त्या न फुटलेल्या बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, एका पायात चप्पल घालून, आणि जिथे बोट दाखवलं तिथे माझे सासरे भर उन्हात माती टाकत गेले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत. कधी तोंडातून हसू फुटेल असं मला वाटत होतं आणि कधी त्यांच्या पाया पडावं असं. दोन्ही केलं नाही. म्हणालो, "अजून जरा उंच घ्या."

साळी मागच्या फाटकात आली तेव्हा ऊन कललं होतं. ती तिथूनच आमच्याकडे पाहत राहिली.

"झालं?" बायकोने ओरडून विचारलं.

"केव्हाच झालं. तुम्ही सगळे काय करून राह्यले?"

"बांध फुटला होता," तिचे बाबा म्हणाले.

साळीने बांधाकडे पाहिलं आणि माझ्यासाठी पाणी तापवायला आत गेली.

मला गरम पाण्याने आंघोळ घातली, सासऱ्यांचं धोतर नेसवलं, पाटावर बसवलं. जेवताना साळीने सांगितलं की बाहेर आरडाओरडा झाला तेव्हा बाईंनी विचारलं, काय झालं. मग हिने सांगितलं: माझे भाऊजी संडासातून निघाले, भिंतीवर चढले, पाण्यात पडले, उठले, धावले, आणि आता माझे बाबा त्यांच्यामागे धावत आहेत. बाई आधी घाबरल्या, मग हसल्या, मग त्या गृहस्थांनी हसता हसता डोळे पुसले. पुढचा सगळा वेळ त्या भिंतीवरच गेला. भिंत किती उंच, भाऊजी पुन्हा घरात आले का, बांधी म्हणजे काय. पोरगी न थांबता बोलत राहिली.

काही आठवड्यांनी निकालाची मेल आली. पास. सासऱ्यांनी तुमसरला स्वतः जाऊन नकार कळवला. फोनवर सांगणं त्यांना बरं वाटलं नाही. परत येताना माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आले आणि आख्ख्या कारध्यात सांगत फिरले की जवाईबापूनं शिकवलं म्हणून झालं. समोरच्या घरातल्या मुलाने अकरावीला फ्रेंच घ्यावं का, असं त्याच्या वडिलांनी मला पुलावर गाडी थांबवून विचारलं.

त्या रविवारी जेवायला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. सासरे हात धुवायला गेले होते. सासूबाई वाढत होत्या. मी हळूच साळीला विचारलं,

"त्या दिवशी तू त्यांना माझं सगळं सांगितलंस ना. 'भाऊजी धावले' म्हणताना काय म्हणालीस? आ की ए?"

साळीने आईकडे पाहिलं. आईचा हात भाताच्या भांड्यावर थांबला.

"तुम्ही शिकवलं तेच, भाऊजी," ती म्हणाली.

"शाब्बास," मी म्हणालो.

सासूबाईंनी विचारलं, भात घालू का. मी नको म्हणालो. त्यांनी घातला.